वाचकांचे प्रश्न : वज्यात काय पाठवायचं, वाणाला काय लुटायचं

श्रावण लागला की ह्या सदराकडे येणारी पत्रं एकदम बदलतात. ह्या खेपेला तर जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, चवथीला-दिवाळीला कुणाला काय द्यायचं आणि घरात आधीच येऊन पडलंय त्याचं काय करायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकलेत, रागावू नका.

"ताई, माझ्या मुलीचं लग्न डिसेंबरात झालं, ही तिची पहिली चवथ. आम्ही डिचोलीकडचे, जावई वास्कोला, दोन खोल्यांचा फ्लॅट, सासू-सासरे तिथंच, गणपतीही तिथंच दीड दिवसाचा. माझ्या जावा म्हणतात वजें दणक्यात गेलं पाहिजे, डिनर सेट, मिक्सर, चांदीचं ताम्हण, भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर लोक नावं ठेवतील. मुलगी फोनवर सांगते, आई भांडी नको गं, कपाट उघडलं की अंगावर पडतात. मी कुणाचं ऐकू?" (एक आई, डिचोली)

मुलीचं ऐका. तिच्या घरात काय मावतं ते तिलाच माहीत, तुमच्या जावांना नाही.

आता जरा वजें म्हणजे काय ते आठवूया, कारण आपण ते विसरत चाललोय असं मला मनापासून वाटतं. वजें म्हणजे ओझं, चवथीला मुलीच्या माहेराहून तिच्या सासरी डोक्यावरून न्यायचं. पाटल्या, म्हणजे टोपल्या, भरून नारळ, केळ्यांचा घड, नेवऱ्या (करंज्या), लाडू, चिबूड, काकड्या, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायचं सामान. आणि ते सासरच्या घरात राहायचंच नाही, हे महत्त्वाचं! विहीणबाई दुसऱ्या दिवशी त्याचे वाटे करून वाड्यावर घरोघर पाठवायच्या, "सुनेच्या माहेरचं वजें आलंय" म्हणून. नवी मुलगी वाड्यात कुणाला ओळखत नसायची, पण तिच्या आईच्या हातची नेवरी प्रत्येक घरात पोचायची, आणि मग विहिरीवर, देवळात बायका आपणहून तिच्याशी बोलायच्या. माझ्या मते वज्याचं खरं काम हे. आता सांगा, डिनर सेटचे वाटे कसे करणार? तो एकदा टेबलावर मांडून पाव्हण्यांना दाखवला की संपलं, मग खोक्यासकट पलंगाखाली जाणार तो.

तेव्हा वजें लहान करा असं मी म्हणत नाही, दणक्यात पाठवा, पण सगळं संपणारं पाठवा. मुलीला विचारा बिल्डिंगमधली आणि नात्यातली मिळून किती घरं आहेत. समजा वीस घरं, तर घरटी 3 नेवऱ्या, 1 लाडू, 2 केळी धरली की 60 नेवऱ्या, 20 लाडू, 40 केळी, आणि घरच्यांसाठी वर थोडं. हिशोब करून पाठवलं तर वाया जात नाही, नाहीतर दोनशे नेवऱ्या पाठवायच्या आणि त्या बिचारीनं त्या फ्रीजमध्ये कोंबत बसायचं. नेवऱ्या ओल्या खोबऱ्याच्या असतील तर दोन दिवसांच्या वर भरवसा नाही, पावसाळी हवेत तर नाहीच, सुकं खोबरं-तीळ घालून, सारण चांगलं भाजून केल्या तर आठ-दहा दिवस सहज राहतात. मी असते तर थोड्या ओल्या केल्या असत्या नैवेद्याला आणि बाकी सगळ्या सुक्या.

आणि माटोळी! वास्कोत माटोळीचं सगळं सामान बाजारातून विकत घ्यावं लागतं आणि चवथीच्या आदल्या दिवशी भाव काय असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या बाजूला कुळागरं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा, आहेत, रानं आहेत. असोल्या नारळांचे जोड, सुपारीचा घड, आंबाडे, तोरिंग, निरफणस, कांगलां, कवंडळ मिळालं तर कवंडळ, हे गोळा करून चवथीच्या दोन दिवस आधी पोचवा. जावयाच्या घरची माटोळी सासुरवाडीच्या रानानं भरली ह्याच्याहून मोठं वजें मला तरी सुचत नाही. गणपती गेल्यावर नारळ, केळी, चिबूड वाटून खायचे, बाकीचं झाडाच्या मुळात. पलंगाखाली काही जात नाही.

बांधताना पाटलीत केळीचं पान घाला, वरून धुतलेलं सुती कापड. मिठाईच्या बॉक्सवर जो चकचकीत प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळतात ना, त्याच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या यादीत तो आहे, आणि सजावटीचं थर्माकोलही आहे, तरी दुकानात सर्रास देतात, तुम्ही नको म्हणा. स्टीलचे डबे पाठवलेत तर बुडाला नाव घाला आणि मुलीला सांगून ठेवा की हे परत यायचेत. नाहीतर वज्याबरोबर सात डबेही तिच्या संसारात कायमचे जातात, तिला ठेवायला जागा नाही आणि तुम्हाला इथं डबे कमी.

राहिली विहीणबाईंची गोष्ट. त्यांना फोन करा, जावांच्या मार्फत नको, स्वतः करा. "वहिनी, पहिलं वजें आहे, मला मनापासून पाठवायचंय, पण तुमच्या घरात अडचण होईल असं काही नको, तर वाटायला काय पाठवू, किती घरं धरू?" असं सरळ विचारा. माझा अनुभव सांगते, नव्वद टक्के बायका सुटकेचा श्वास टाकतात, कारण त्यांच्याही माळ्यावर जागा नसते. आणि डिनर सेट-मिक्सरचे जे पैसे वाचतील ते मुलीच्या स्वतःच्या नावच्या खात्यात टाका, गाजावाजा न करता, चवथ झाल्यावर. जावांना सांगायचीही गरज नाही. मुलीकडच्यांनी काय आणि किती द्यावं ह्याची बोली लावणं आपल्याकडे हळूहळू वाढत चाललंय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कर्ज काढून वजें पाठवणारी घरं मी पाहिलीत. त्यात पडू नका.

माझ्या स्वतःच्या पहिल्या वज्यातलं मला आज काय आठवतं म्हणाल तर चिबडाचा वास. बाबांनी आमच्या मळ्यातले पाच चिबूड आणले होते, सगळं घर दोन दिवस घमघमत होतं, आणि माझी सासू ती गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. त्याच वज्यात एक मोठं पितळी घंगाळंही आलं होतं, ते कुठं गेलं मला माहीत नाही.

"आमच्या नातवंडांचं घर पणजीला, नात सहा वर्षांची, नातू नऊचा. दर दिवाळीला मी खेळणी घेऊन जाते. गेल्या वेळी सून म्हणाली, आई, ह्या वर्षापासून प्लीज खेळणी नको, घरात पाय ठेवायला जागा नाही. मी काही बोलले नाही पण मला फार लागलं. हात हलवत जाऊ का आता नातवंडांकडे?" (एक आजी, फोंडा)

आजी, तुम्हाला लागलं ते मला समजतं, दाराशी पोरं धावत येतात आणि तुमच्या पिशवीकडे बघतात तो क्षण तुम्हाला पाहिजे असतो, खेळण्याशी तुमचं काही देणंघेणं नसतं. पण सूनबाईनं खेळणी नको म्हटलं, तुम्हाला नको म्हटलं नाही. ही दोन वाक्यं मनात वेगळी ठेवा. तिला रोज रात्री दहा वाजता ते सगळे तुकडे उचलायचे असतात.

पिशवी रिकामी न्यायची नाहीच. तिच्यात एक छोटी गोष्ट ठेवायची जी उघडता येते, आणि तिच्याबरोबर तुम्ही स्वतः. उदाहरण देते. एक पाकीट, वर नातवाचं नाव, आत तुमच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी : "शनिवारी सकाळी आजीबरोबर चोडणला पक्षी बघायला." रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की पलीकडे लगेच सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीतून चालायची वाट आहे, दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की बाहेरून येणारे पक्षीही दिसायला लागतात. नऊ वर्षांच्या मुलाला फेरीबोटीत उभं राहून इंजिनाचा आवाज ऐकणं हेच किती मोठं असतं! खंड्या, बगळे, चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे, एक सकाळ जाते. पाणी आणि डबा बरोबर घ्या, जमलं तर कुणाची तरी दुर्बीण मागून न्या, विकत नको. गुडघे दुखत असतील तर मुलाला बरोबर घ्या, तेवढाच बापही पोरांबरोबर जाईल.

दुसरं पाकीट लायब्ररीचं. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि तिथं लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. नातीला घेऊन जा, आईवडिलांना सांगून तिचं सभासदत्व करून द्या. पुस्तक येतं, वाचून होतं, परत जातं, घरात गठ्ठा होत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी आजीला बरोबर जायला निमित्त. माझ्या दृष्टीनं ह्या सगळ्या पत्रांतलं हे सगळ्यात चांगलं गिफ्ट आहे आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

पैसेच द्यायचे असतील तर नातीसाठी सुकन्या समृद्धी खातं. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं पोस्टात किंवा बँकेत उघडता येतं, वर्षाला कमीत कमी 250 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे आणि 21 वर्षांनी मुदत पुरी. फक्त एक लक्षात ठेवा, खातं आईवडिलांनी उघडायचं असतं, आजीनं नाही, तेव्हा आधी मुलाशी बोला, पासबुक तिथं असेल, तुम्ही दर चवथीला आणि दिवाळीला त्यात घालायला पैसे द्यायचे. पण नुसतं एवढंच करू नका, सहा वर्षांच्या पोरीला पासबुकात काय मजा.

तिला फुगडी शिकवा. मी अगदी खरं सांगतेय. चवथीत रात्री बायका फुगड्या घालतात तेव्हा फ्लॅटमधल्या मुली कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात कारण त्यांना गाणीच येत नाहीत, आणि ती गाणी तुम्हाला येतात. रोज एक शिकवली तर सुट्टी संपेपर्यंत दहा-बारा होतील.

आणि सूनबाईशी एकदा चहा पिता पिता बोला, "खेळणी नाही आणणार, पण पोरांना उघडायला काहीतरी पाहिजे, तू सांग काय संपलंय." रंगखडू संपलेले असतात, चप्पल लहान झालेली असते, रेनकोट फाटलेला असतो. संपलेली वस्तू नवी आणली तर घरात भर पडत नाही, जुनीच्या जागी नवी बसते. हे तिलाही पटेल.

"आम्ही मडगावचे. शेजारच्या कातोलिक घरातून दर नाताळला कुस्वार येतं, बेबिंक, दोदोल, नेवऱ्या, कुलकुलां, सगळं घरी केलेलं. आम्ही परतफेड म्हणून दिवाळीला ड्रायफ्रूटचा गिफ्ट बॉक्स देतो, त्या बॉक्समधले प्लास्टिकचे ट्रे त्यांच्याकडे साठलेत असं त्यांच्या मुलीकडून कळलं. दुसरं काय द्यावं?" (मडगाव)

फोव, म्हणजे पोहे, द्या. दिवाळीच्या सकाळी कारीट फोडून झालं की आपल्या घरात जे फोव होतात ते. रोसातले, गोडाचे, तिखशे, दह्यातले, जेवढे प्रकार कराल तेवढ्यांतलं थोडं थोडं एका ताटात, बाजूला थोडी उसळ असेल तर उसळ, आणि गरम गरम घेऊन जा. त्यांनी दोन दिवस खपून बेबिंकचे थर एकावर एक भाजलेले असतात, प्रत्येक थर शिजला की पुढचा ओतायचा, विस्तवासमोर बसून राहावं लागतं, आणि त्याला उत्तर म्हणून आपण दुकानातला बॉक्स द्यायचा, हे मला जमत नाही. बेबिंकला 2023 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आपल्याला अभिमान वाटला, पण ते ज्या चुलीवर होतं ती चूल शेजारी आहे! तिला घरच्याच पदार्थानं उत्तर द्यायचं.

त्याहून चांगलं म्हणजे त्यांना घरी बोलवा फोव खायला. पूर्वी वाड्यावर असंच असायचं, एका घरातून उठून दुसऱ्या घरात. ताट पाठवायचीही गरज राहत नाही.

त्यांचं ताट तुमच्याकडे येतं ना, क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं, ते धुवून रुमालासकट परत द्या, आणि रिकामं देऊ नका, आपल्याकडे रिकामं भांडं परत पाठवत नाहीत. चिमूटभर साखर, दोन केळी, परसातली चार जास्वंदीची फुलंही चालतात. आणि त्यांच्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, घरात गोडधोड होणार नसेल, तर त्या नाताळला तुम्ही आपणहून काहीतरी करून घेऊन जा, थोडा वेळ बसा. आमच्याकडे वर्स, म्हणजे दुखवट्याचं वर्ष, होतं तेव्हा समोरच्या घरातून नेवऱ्यांचं ताट आलं होतं, ते मी विसरू शकत नाही.

"संक्रांतीच्या हळदीकुंकवात आलेल्या प्लास्टिकच्या वाट्या, डब्या, गाळण्या, आरसे, शिवाय वास्तुशांतीत आलेले लेमन सेट आणि शोपीस, सगळा माळा भरलाय. टाकवत नाही, लोकांनी प्रेमानं दिलंय. दुसऱ्यांना दिलं तर पाप लागेल का? आणि ह्या वर्षी मी वाण काय लुटू?" (म्हापसा)

पाप कसलं? देणाऱ्यानं दिलं, तुम्ही घेतलं, हळदीकुंकू झालं, त्या दिवशीच त्या वस्तूचं काम झालं. ती वीस वर्षं सांभाळायची असं तुम्ही कुणाला वचन दिलेलं नाही.

उलट गोव्यात माळ्यावर ठेवण्याचं एक वेगळंच दुखणं आहे. चार महिने पाऊस, हवेत ओल, पुठ्ठ्याचे खोके ओल पितात, बुरशी येते, आणि जुन्या घरात तर ते खोके म्हणजे वाळवीला आमंत्रणच, भिंतीतून खोक्यात, खोक्यातून वाशात. आमच्या सासरच्या घरी दोन वासे असेच गेले, खाली खोक्यांत काय होतं, तर कुणी कधी न वापरलेले कप. ज्यांनी दिले त्यांना हे कळलं असतं तर त्यांनाही वाईट वाटलं असतं.

तर पाऊस उघडला की एक दिवस सगळं खाली काढा. खोकी आधी फेकून द्या. जे नवं आणि चांगलं आहे ते वेगळं, आणि द्यायच्या आधी विचारा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. अंगणवाडीला वाट्या पाहिजेत का, देवळात महाप्रसादाला स्टीलची भांडी कमी पडतात का, जवळच्या आश्रमात आरसे लागतील का, फोन करून विचारा. न विचारता गाडी भरून नेऊन टाकणं म्हणजे आपला माळा त्यांच्या दारात रिकामा करणं. कामाला येणाऱ्या बाईंनाही आधी विचारा, "तुम्हाला पाहिजे का?" आणि त्या नको म्हणाल्या तर त्यांच्या गळ्यात मारू नका, त्यांचंही घर आहे. चिठ्ठी-लेबल काढा. तडा गेलेलं, मळलेलं कुणालाच देऊ नका, ते कचऱ्यात, सुक्याचं सुक्यात.

वाण मात्र स्वयंपाकघरात संपणारं. पावशेर सोलां (आमसुलं), म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगली काळी मिळतात. हळद. माडाच्या गुळाची छोटी ढेप. चहापूड. एका वर्षी मी शंभर शंभर ग्रॅम खोला मिरची दिली होती, काणकोणच्या बाजूची, ती लालभडक, कागदाच्या पुडीत, आणि पुढचे सहा महिने बायका मला सांगत होत्या आज हुमण, म्हणजे माशाची आमटी, केलं तुझ्या मिरचीचं.

कापडी पिशव्या आणि रोपं ह्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. कापडी पिशवी मलाही आवडते, पण आता प्रत्येक समारंभात पिशवीच मिळते, माझ्याकडे मोजून 31 झाल्यात, तीही अडगळच. आणि रोप म्हणजे रोज पाणी घालायची जबाबदारी, फ्लॅटवाल्या बाईला बाल्कनी नसेल तर तिनं ते कुठं ठेवायचं? मागितलं तरच द्या. त्यापेक्षा ओव्याची, गवती चहाची फांदी मागणाऱ्याला कापून द्या, हवी असेल तर लावेल, नाहीतर चहात घालेल.

"ऑफिसात नाताळला नावं काढून एकमेकांना गिफ्ट द्यायचं असतं, 300 रुपयांपर्यंत. मला दर वर्षी कॉफीचा मग येतो. मी काय देऊ?" (पर्वरी)

भाजलेले काजू, खाजें, नाहीतर वर म्हटला तो माडाचा गूळ. समोरच्याला मधुमेह नाही ना एवढं बघा. आणि पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे आयोजन असेल त्यांना आधीच सुचवा, गिफ्टऐवजी सगळ्यांनी मिळून एकत्र जेवूया, बहुतेक सगळे हो म्हणतील.

"आमचं मूळ घर पेडण्यात. वर्षभर बंद, चवथीला आम्ही चौदा कुटुंबं जमतो. प्रत्येकजण गणपतीसाठी म्हणून काहीतरी वस्तू आणतो, लायटिंगच्या माळा, पडदे, प्लास्टिकची फुलं, चटया, पंखे, मोठ्या कढया. एक अख्खी खोली भरलीय, बाळंतिणीची खोली होती ती. ह्या वर्षी मला काहीतरी द्यायचंय देवाला, पण वस्तू नको वाटते." (मुंबईत राहणारा पेडणेकर)

दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. बंद घरात वस्तू द्यायचीच नाही, वर्षभर तिला बघणारं कुणी नसतं, पुढच्या चवथीला माळ लावावी तर अर्धे दिवे गेलेले, म्हणून नवी माळ येते, आणि जुनीही टाकवत नाही कारण ती अमक्या काकांनी दिलेली.

जे आहे ते दुरुस्त करून द्या. तुमच्या घरात घुमट, म्हणजे आरतीला वाजवायचं मातीचं, कातड्यानं मढवलेलं वाद्य, असणारच, पेडण्यात घुमटआरतीशिवाय गणपती कुठं असतो? बघा त्याचं कातडं कसं आहे. बहुतेक घरांत एक-दोन घुमटं फाटकी, आवाज गेलेली खुंटीला लटकत असतात आणि मुलं ताट बडवून आरती म्हणतात. 2019 साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण घरातलं घुमट वाजतं ठेवायचं काम आपलं. पूर्वी घोरपडीचं कातडं घालायचे, घोरपड कायद्यानं संरक्षित आहे, ते आता करायचं नाही, बकरीचं कातडं घालून मढवतात. शामेळ, म्हणजे बरोबर वाजवायचा छोटा ढोल, असेल तर तोही बघा, कासाळ्यांची (झांजांची) दोरी बदला. वस्तू एकही वाढली नाही आणि चौदा घरांची आरती दुमदुमली.

दुसरं, माणसांची सोय. चौदा कुटुंबांचा स्वयंपाक त्या घरात कोण करतं? मला न विचारता माहीत आहे, चार-पाच सुना, त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे, आरतीला सुद्धा शेवटी येऊन उभ्या राहतात. चवथीच्या दिवसांत भांडी घासायला आणि खोबरं किसायला गावातली माणसं मिळतात का ते आधी विचारून, चांगला मोबदला ठरवून तुम्ही त्याचा खर्च उचला. काकवांना, वहिनींना माटोळीखाली बसून पूर्ण आरती म्हणायला मिळेल. मला वाटतं देवालाही ते जास्त आवडेल.

माटोळीसाठी प्रत्येक कुटुंबाला एक-एक जिन्नस वाटून द्या, चौदा कुटुंबं, चौदा जिन्नस, मुंबईवाल्यांनी पैसे आणि गावातल्यांनी रानातली फळं, आणि पोरांना बरोबर न्यायचं गोळा करायला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर यादी टाका, त्यातच लिहा की ह्या वर्षी सजावटीचं नवीन काही आणू नये, आहे तेच पुरे आहे. एखाददुसरा रागावेल, म्हणून घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाकडून लिहवून घ्या, तुम्ही स्वतः लिहू नका.

आणि ती खोली उघडा. चवथीच्या आधी दोन दिवस लवकर जाता येत असेल तर जा, तीन-चार भावंडं मिळून. खराब झालेल्या माळा बाहेर, प्लास्टिकची फुलं बाहेर, पडद्यांत चांगले असतील ते धुवून खाटेवर पसरायला. पंखे चालू करून बघा, जे चालतात ते ह्या चवथीला वापरा. रात्री चौदा कुटुंबांतल्या लेकुरवाळ्या बायकांना निजायला जागा नसते, ओटीवर दाटीवाटीनं झोपतात, त्यांना ती खोली द्या.

घुमट मढवायला मात्र आत्ताच टाका. पावसात कातडं लवकर सुकत नाही आणि चवथीच्या आठवड्यात कारागिराकडे रांग असते.